तिकीट स्वस्त, सहल महाग

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



सप्टेंबर महिना आला, की आपल्या ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी जर्मनीला निघालेलं असतं. नाशिकचा मुलगा आखेनला, सांगलीची मुलगी ड्रेस्डेनला. बॅगेत छोटा कुकर असतो, गोडा मसाला असतो आणि डोक्यावर शैक्षणिक कर्ज असतं. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत आपली संख्या सर्वांत मोठी आहे. या मुलांच्या अभ्यासाबद्दल, नोकरीबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला आज बोलायचंय ते त्यांच्या शनिवार-रविवारबद्दल.

तुम्ही म्हणाल, हा काय भाषणाचा विषय झाला? सुट्टीत काय करायचं, हे मुलं त्यांचं त्यांची ठरवतील. खरं आहे. पण हा प्रश्न पैशाशी आणि मनाच्या स्वास्थ्याशी बांधलेला आहे. तिथं गेलेल्या मुलांमध्ये साधारण दोन तऱ्हा दिसतात. एक मुलगा प्रत्येक युरोला रुपयांनी गुणतो. २०२५ साली युरोनं शंभर रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हापासून तर हा गुणाकार फारच सोपा झाला आणि फारच भीतिदायकही. हा मुलगा दोन वर्षं खोली, कॉलेज आणि किराणा दुकान यांपलीकडे जात नाही. नोव्हेंबर-डिसेंबरचे काळोखे दिवस येतात आणि त्या खोलीत तो मनानं खचत जातो. दुसरा मुलगा बरोबर उलट. वीस युरोंत विमानाचं तिकीट दिसलं, की तो निघालाच. वर्षभरात बारा देश, आणि वर्षअखेरीस मित्राकडे घरभाड्यासाठी उसनवारी. माझं म्हणणं असं, की या दोघांच्या मधला रस्ता आहे, तो चांगला रुळलेला आहे आणि फारसा खर्चिक नाही. फक्त सहल निवडताना तिकिटाच्या किमतीकडे न बघता दोन वेगळ्या गोष्टी मोजायला हव्यात. एक म्हणजे दारापासून दारापर्यंत लागणारे तास, आणि दुसरी म्हणजे दारापासून दारापर्यंत होणारा एकूण खर्च.

आधी खिशाचा अंदाज घेऊ. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा घेताना एका वर्षाच्या खर्चाची रक्कम बँकेच्या खास खात्यात दाखवावी लागते. मुलं त्याला ‘ब्लॉक्ड अकाउंट’ म्हणतात. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. यातून खोलीचं भाडं गेलं, आरोग्य विम्याचे सव्वाशे ते दीडशे युरो गेले, किराणा, फोन आणि कॉलेजचं सेमिस्टर शुल्क गेलं, की हातात किती उरतं हे सांगायला नको. म्युनिकसारख्या महाग शहरात तर उरण्याचा प्रश्नच नाही. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा मार्च २०२४पासून मिळाली, त्यातून काही हातभार लागतो. तरी महिन्याला पन्नास-साठ युरो फिरण्यासाठी बाजूला निघाले, तर पुष्कळ म्हणायचे. आता हे पन्नास-साठ युरो कुठे घालायचे?

समजा, विमानाचं तिकीट वीस युरोंना आहे. जाऊन-येऊन चाळीस. आता पुढचा हिशोब बघा. स्वस्त विमानं बहुतेकदा शहरापासून लांबच्या विमानतळांवर उतरतात. फ्रँकफुर्ट-हान या नावात फ्रँकफुर्ट आहे, पण तो विमानतळ शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. बार्सेलोनासाठी म्हणून जिरोनाला उतरलात, तर बार्सेलोना तिथून नव्वद किलोमीटर. पॅरिससाठी बोव्हेला उतरलात, तर शहर गाठायला आणखी ऐंशी किलोमीटरहून जास्त. म्हणजे इथे दोन बस, तिथे दोन बस, प्रत्येकी पंधरा युरो धरले तर साठ झाले. पाठीवरच्या लहान पिशवीपेक्षा मोठी बॅग असेल, तर दोन्ही वेळचे मिळून तीस. हॉस्टेलची एक रात्र पस्तीस. दोन दिवसांचं खाणं तीस. शहरातला प्रवास बारा. एकूण बेरीज २०७ युरो. तिकीट चाळीसचं आणि सहल दोनशे सातची! शिवाय ऑनलाइन चेक-इन करायचं राहिलं, तर काही कंपन्या विमानतळावर मूळ तिकिटापेक्षा मोठी रक्कम घेतात, ती वेगळी.

आता तासांचा हिशोब. शनिवारी सकाळी साडेसहाचं विमान. म्हणजे पाचला विमानतळावर, म्हणजे रात्री दोनची बस, म्हणजे शुक्रवारी मध्यरात्रीच खोलीतून बाहेर. विमान साडेआठला उतरणार, मुक्कामाच्या शहरात पोचायला साडेदहा. रविवारी संध्याकाळी सहाचं परतीचं विमान, म्हणून दुपारी दोनला शहर सोडायचं. खोलीवर यायला पुन्हा मध्यरात्र. घराबाहेर अठ्ठेचाळीस तास, त्यांतले त्या शहरात साडेसत्तावीस, त्यांतून आठ तास झोप वजा. उरले साडेएकोणीस तास, तेही एका रात्रीच्या जागरणानंतरचे. आणि सोमवारी सकाळी आठला प्रॅक्टिकल! विमानानं जाऊच नये, असं मी म्हणत नाही. पण तो बेत चार दिवसांच्या सुट्टीसाठी राखून ठेवावा. जर्मनीत गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे अशी सलग चार दिवस सुट्टी मिळते. येशूच्या स्वर्गारोहणाचा सण नेहमी गुरुवारी येतो. अशा वेळी मधला शुक्रवार रजा टाकून जोडून घ्यायची तिथं पद्धत आहे. त्या शुक्रवाराला जर्मन लोक ‘पुलाचा दिवस’ अशा अर्थाच्या शब्दानं ओळखतात. मात्र हे दिवस सगळ्यांनाच ठाऊक असतात, त्यामुळे तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली तरच स्वस्त पडतात.

मग नेहमीच्या शनिवार-रविवारी काय करायचं? याचं उत्तर मुलाच्या खिशात आधीच असतं आणि त्याचे पैसेही त्यानं भरलेले असतात. मे २०२३मध्ये जर्मनीत ‘डॉइचलांड-टिकेट’ नावाचा मासिक पास सुरू झाला. देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, लोकल, ट्राम आणि शहर बस एकाच पासवर. तेव्हा तो ४९ युरोंना होता, जानेवारी २०२५मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६मध्ये ६३. विद्यार्थ्यांसाठी २०२४च्या उन्हाळी सत्रापासून अनेक विद्यापीठांनी हाच पास ६० टक्के दरात सेमिस्टर शुल्कातच घातला. म्हणजे फिरलात काय आणि न फिरलात काय, पैसे गेलेले आहेतच. हा पास वेगवान आयसीई, आयसी गाड्यांत चालत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं, तर राजधानी-शताब्दी नाही, पॅसेंजर चालेल. पण पॅसेंजरच्या खिडकीतून देश जसा दिसतो, तसा तो राजधानीतून दिसत नाही, हे आपल्याला काय नव्यानं सांगायचं?

पास ज्याच्याकडे नाही, त्यानं गटानं निघावं. जर्मनीत प्रत्येक प्रांताचं असं एका दिवसाचं तिकीट असतं, त्यावर पाच जणांपर्यंत प्रवास करता येतो आणि माणशी खर्च खाली येतो. या कल्पनेला जुना इतिहास आहे. १९९५ साली जर्मन रेल्वेनं शनिवार-रविवारसाठी पाच जणांचं एक तिकीट काढलं होतं, अवघ्या पंधरा मार्कांना. विद्यार्थ्यांच्या झुंडीच्या झुंडी त्यावर देश पालथा घालत. ते तिकीट २०१९मध्ये बंद झालं, पण पाच जणांची टोळी जमवायची सवय राहिली.

या पासवर किंवा त्याला थोडीशी भर घालून काय बघता येतं, याची काही उदाहरणं देतो.

ड्रेस्डेनला शिकणाऱ्यांनी लोकल पकडून राटेनला जावं. चाळीसेक मिनिटं लागतात. स्टेशनवरून एल्बे नदी नावेनं ओलांडायची आणि चढाईला लागायचं. वर बास्टाय नावाचे वालुकाश्माचे सुळके आहेत, नदीपासून १९४ मीटर उंच, आणि त्या सुळक्यांना जोडणारा १८५१ साली बांधलेला दगडी पूल. पुलावर जायला तिकीट नाही. ज्यानं राजगड-तोरणा केलाय, त्याला ही चढण किरकोळ वाटेल. पण परक्या मुलखात पायाखाली डोंगर आला, की आपल्या माणसाचा जीव कसा भांड्यात पडतो, ते तिथं कळतं. त्याच ड्रेस्डेनहून दीड तासाच्या आसपास ग्योर्लिट्स हे गाव आहे. १९४५नंतर या गावाचे दोन तुकडे झाले. नायसे नदीच्या अलीकडे जर्मनी, पलीकडे पोलंड. २००४ साली जुन्या जागी पादचारी पूल पुन्हा बांधला गेला. पाच मिनिटांत पूल ओलांडायचा, पोलंडमध्ये जेवायचं आणि परत यायचं. फाळणी झालेल्या देशातून गेलेल्या मुलाला त्या पुलावर उभं राहून बरंच काही सुचतं.

कार्ल्सरूह किंवा फ्रायबुर्गच्या मुलांनी केलपर्यंत पासवर जावं. पुढे ऱ्हाइन नदी, आणि पलीकडे फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग. २०१७पासून तिथली ट्राम थेट नदी ओलांडून केलला येते. पायी जायचं तर पादचारी पूलही आहे. स्ट्रासबुर्गचं कॅथीड्रल १४२ मीटर उंच आहे आणि १६४७ ते १८७४ या काळात ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. आत जायला पैसे लागत नाहीत. आखेनच्या मुलांच्या दाराशी तर तीन देश एकत्र येतात. जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम यांच्या सीमा जिथे मिळतात, ती टेकडी ३२२ मीटर उंच. तो नेदरलँड्सच्या मुख्य भूमीतला सर्वांत उंच बिंदू आहे! पुणेकरांनी तिथं फार हसू नये. आपलं पुणं मुळातच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर वसलेलं आहे, त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. म्युनिकच्या मुलांना हाच पास ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंत नेतो. मोझार्टचं गाव ते.

पण माझ्या मते प्रत्येक भारतीय विद्यार्थ्यानं एकदा तरी करावी अशी सहल वेगळीच आहे, आणि ती फार थोडे करतात. ट्रिअर या रोमन काळापासूनच्या जर्मन शहरातून मोझेल नदीच्या काठानं एक छोटी गाडी पेर्ल नावाच्या खेड्यात जाते. तिथून पूल ओलांडला, की लक्झेंबर्गमधलं शेंगेन. होय, ज्याच्या नावाचा व्हिसा मिळवण्यासाठी आपण कागदपत्रांची चळत घेऊन रांगेत उभे राहतो, ते हेच शेंगेन. द्राक्षमळ्यांनी वेढलेलं एवढंसं गाव. १४ जून १९८५ रोजी नदीतल्या एका बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपापसांतली सीमेवरची तपासणी हळूहळू काढून टाकायचं ठरवलं. जानेवारी २०२५मध्ये रुमानिया आणि बल्गेरिया पूर्णपणे आत आले आणि देशांची संख्या २९ झाली. शेंगेनहून पुढे लक्झेंबर्ग शहरात जायला बसचं तिकीट काढावं लागत नाही. २०२० सालापासून त्या देशात बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची रेल्वे सगळ्यांना मोफत आहे. एकमेकांशी दोन महायुद्धं लढलेल्या देशांनी हे कसं जमवलं असेल, हा प्रश्न घेऊन मुलगा परत आला, तर त्या दिवसाचे पंधरा-वीस युरो वाया गेले असं कोण म्हणेल?

सीमेचा विषय निघालाच आहे, तर एक इशारा. जर्मनीचा निवास परवाना आणि पासपोर्ट असेल, तर दुसऱ्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. पण दोन्ही कागद मूळ स्वरूपात जवळ हवेत, फोनमधला फोटो चालत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये जर्मनीनं आपल्या सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, तेव्हा ‘कोण बघतंय’ हा भरवसा कामाचा नाही. परवान्याची मुदत वाढवायला दिलेली असेल आणि हाती नुसती तात्पुरती पावती असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयात लेखी विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नये. एका शनिवारच्या मौजेपायी परवाना अडचणीत येऊ देणं परवडणारं नाही. इंग्लंड आणि आयर्लंड हे देश शेंगेनमध्ये नाहीत. लंडनला जायचं, तर वेगळा व्हिसा. डब्लिनला शिकणाऱ्या मुलांना पॅरिस बघायचं, तर त्यांनाही वेगळा व्हिसा. विमा कार्डाचंही तसंच. जर्मन सरकारी विम्याच्या कार्डामागे युरोपीय आरोग्य कार्ड छापलेलं असतं, पण आपल्यासारख्या बिगर-युरोपीय नागरिकांना ते डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये लागू होत नाही. तिथं जाताना काही युरोंचा प्रवासी विमा काढावा.

मुक्कामाचं काय? युवा वसतिगृह, म्हणजे यूथ हॉस्टेल, ही कल्पनाच मुळी जर्मनीतली. १९०९ साली रिचर्ड शिरमान नावाचे शिक्षक मुलांना घेऊन पदभ्रमणाला निघाले असता वादळात सापडले. रात्र एका शाळेत काढावी लागली. सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग चालत फिरणाऱ्या मुलांना तिथं झोपायला जागा का देऊ नये, असं त्यांच्या मनात आलं. त्यातून पुढे आल्टेना गावच्या किल्ल्यात १९१२ साली पहिलं कायमचं वसतिगृह निघालं. आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना यूथ हॉस्टेलचं कार्ड माहीत असतं, त्याचं मूळ हे. तरीही माझा सल्ला असा, की पहिल्या सेमिस्टरला मुक्कामच टाळावा. पहाटे निघून रात्री परत यावं. मुक्काम वाचला, की सहलीचा निम्मा खर्च वाचतो. दुसऱ्या गावी शिकणारा मित्र असेल तर उत्तमच. आज तो तुमच्याकडे, पुढच्या महिन्यात तुम्ही त्याच्याकडे. जाताना पोह्यांचं पाकीट न्यावं, यजमान दुवा देईल.

खाण्यापिण्याचं म्हणाल, तर शिदोरी बांधायला लाजू नये. जर्मन लोकही डब्यात पाव-चीज घेऊन फिरतात, आपण पोळीची गुंडाळी नेली म्हणून कुणी बघत नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. बाटलीबंद पाणी घेतलंच, तर बाटली फेकू नये. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत घेतलेली असते, दुकानातल्या यंत्रात ती परत मिळते. रविवारी तिथली जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात, उघडी सापडलीच तर मोठ्या स्टेशनातली. तेव्हा खरेदी शनिवारीच.

वयाचाही फायदा घ्यावा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या पंचविशीपर्यंतच्या तरुणांना प्रवेश मोफत आहे. इथे नागरिकत्व बघत नाहीत, रहिवास बघतात. म्हणजे जर्मनीचा निवास परवाना असलेली आपली मुलंही त्यात बसतात. माद्रिदच्या प्रादोमध्ये १८ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर मोफत प्रवेश मिळतो. सव्विसावं लागलं, की ही दारं बंद. तेव्हा चार दिवसांची ती मोठी सहल करायचीच, तर तिथं करावी.

आणि ऋतू बघावा. उत्तर जर्मनीत डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, दुपारी चारला अंधारतं. जूनमध्ये साडेसोळा तासांहून अधिक उजेड असतो. तेव्हा डोंगर, नदी, किल्ले उन्हाळ्यात, आणि हिवाळ्यात शहरं. ड्रेस्डेनची नाताळची जत्रा १४३४पासून भरते. आत जायला पैसे नाहीत, दिव्यांच्या झगमगाटात फिरावं, एक कपभर गरम पेय घ्यावं. थंडीच्या त्या महिन्यांत अशा एका संध्याकाळी चार माणसांत जाऊन येणं औषधासारखं काम करतं.

परतताना शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नये, तिच्या आधीची गाडी धरावी. जर्मन रेल्वे घड्याळाच्या काट्यावर धावते, ही आपल्याकडची समजूत आता जुनी झाली. गाडी बदलायची असेल, तर मध्ये निदान वीस मिनिटं ठेवावीत. आणि कुठे जातोय, ते एका मित्राला सांगून निघावं.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी. मुलाचा एखाद्या पुलावर, किल्ल्यावर हसतानाचा फोटो येतो आणि आपल्या मनात पहिला विचार येतो, ‘कर्ज काढून पाठवलंय ते यासाठी का?’ तो प्रश्न फोनवर विचारू नका. विचारायचंच तर विचारा, ‘किती तासांचा प्रवास झाला? एकूण किती लागले? आणि काय बघितलंस?’ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याला आकड्यांत देता आली आणि तिसऱ्याचं उत्तर देताना तो दहा मिनिटं बोलत राहिला, तर खुशाल समजा की पोरगं पैसाही नीट वापरतंय आणि परदेशी राहायलाही शिकलंय. उलट ते महिनोन्‌महिने खोलीबाहेर पडत नसेल, तर तुम्हीच सांगा, ‘अरे, या शनिवारी जवळच कुठंतरी जाऊन ये.’